पोलादाचा प्रश्न : खनिजाचा की इंधनाचा?

गेल्या वर्षी सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका लहान ओतशाळेत जाण्याचा योग आला. मालकांना परदेशी गिऱ्हाइकाचे एक पत्र आले होते आणि त्यावर माझे मत हवे होते. तुम्ही पाठवता त्या सुट्या भागांचा कार्बन किती, असे पत्रात विचारले होते. मालकांनी आधी ते भट्टीवरच्या जुन्या कारागिराला वाचून दाखवले होते. तो म्हणाला होता, "तीन पूर्णांक सहा. त्यात काय विचारायचं? दर खेपेचा रिपोर्ट आहे की आपल्याकडं."

त्याचे उत्तर बिनचूक होते. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, साधारण तीन ते चार टक्के कार्बन असतो आणि तो किती ठेवायचा हे त्या कारागिराइतके नेमके सांगणारी माणसे थोडी. पण गिऱ्हाइकाला लोखंडातला कार्बन नको होता. ते लोखंड तयार होताना हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला, तो आकडा त्याला हवा होता. युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलादाच्या अनेक वस्तूंवर असा हिशेब मागण्यास ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात केली आणि जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे मोजण्याची व्यवस्था सुरू झाली.

पोलादाचे भवितव्य काय, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. प्लॅस्टिक आले, ॲल्युमिनियम आले, कार्बनचे तंतू आले. मग पोलाद मागे पडणार का? माझे उत्तर असे, की प्रश्नाचा रोखच चुकला आहे. जगात दर वर्षी सुमारे १८० ते १९० कोटी टन पोलाद तयार होते आणि इतक्या स्वस्तात इतके बळ देणारा दुसरा पदार्थ आज तरी दिसत नाही. खनिजही मुबलक आहे. अडचण आहे ती खनिजातून लोखंड मोकळे करण्यासाठी काय जाळायचे याची. आणि ही अडचण सातारा-सांगली भागाला नवी नाही. या भागातला लोखंडाचा पहिला उद्योग खनिज असूनही बंद पडला. दुसरा खनिज नसताना उभा राहिला. दोन्हींची कथा मुलांना सांगण्यासारखी आहे.

महाबळेश्वर-पाचगणीचे पठार ज्यांनी पाहिले असेल त्यांना तिथला तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड आठवत असेल. मूळ खडक काळा बेसाल्ट. त्यात सुमारे दहा टक्के लोह असते, पण ते सिलिकेटांमध्ये अडकलेले. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातील सिलिका आणि इतर विरघळणारे घटक धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. तोच जांभा. त्यातले लोहाने समृद्ध असे जड तुकडे निवडून लोखंड गाळणारे लोक या डोंगरांत होते. त्यांना धावड म्हणत. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्यांची वस्ती होती. ज्या दगडापासून लोखंड मिळते त्याला मराठीत 'धाऊ' असा जुना शब्द आहे, आणि बैलगाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी 'धाव'. या शब्दांचे नाते काय ते भाषातज्ज्ञांनी ठरवावे; मला एवढेच जाणवते, की हा धंदा आपल्या बोलीत मुरलेला होता.

धावडांची भट्टी मातीची, पुरुषभर उंचीची किंवा त्याहून ठेंगणी. वरून लाकडी कोळसा आणि दगडाचे तुकडे थरांनी टाकायचे, खालून कातड्याच्या भात्यांनी वारा घालायचा. कोळसा अपुऱ्या हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू लोहाच्या ऑक्साइडातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होतो. शाळेत आपण याला क्षपण म्हणतो. शुद्ध लोह १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. मातीच्या भट्टीत तेवढे तापमान येत नाही. त्यामुळे लोखंड वितळत नसे. दगडातली माती, सिलिका वगैरे मात्र मळी होऊन पातळ वाहत असे आणि मागे स्पंजासारखा सच्छिद्र, तांबूस तापलेला गोळा उरे. तो घणाने ठोकून ठोकून मळी पिळून काढायची, की घडवता येण्यासारखे लोखंड तयार. लक्षात घ्या : क्षपण होण्यासाठी वितळण्याची गरज नाही. पुढे हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

आता खर्च पाहा. एक किलो लोखंडासाठी कित्येक किलो लाकडी कोळसा लागे आणि एक किलो कोळशासाठी चार-पाच किलो लाकूड. म्हणजे शेतकऱ्याच्या एका कुऱ्हाडीमागे डोंगरातले एखादे झाड. इंग्लंडमध्ये हीच टंचाई आधी आली होती. त्यांच्याकडे दगडी कोळसा होता, आणि १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेल येथे त्याचा कोक करून झोतभट्टी चालवून दाखवली. त्यामुळे तिथले लोखंड जंगलाच्या बंधनातून सुटले. महाबळेश्वरच्या पायथ्याशी दगडी कोळसा नाही. दख्खनच्या बेसाल्टाखाली तो सहजासहजी सापडणारही नव्हता. १८७८ च्या वनकायद्याने जंगलात कोळसा पाडण्यावर निर्बंध आले, आणि त्याच काळात आगगाडीने विलायती लोखंडाच्या स्वस्त पट्ट्या तालुक्याच्या बाजारापर्यंत आणून टाकल्या. दोन बाजूंनी कोंडी झाली. धावडांच्या भट्ट्या विझल्या आणि लोहार विलायती पट्टीवर काम करू लागले. तो जांभा आजही तिथेच आहे.

यात जंगलाचे रक्षण चुकीचे होते असे मला म्हणायचे नाही. कोयना-कृष्णेच्या उगमावरची जंगले आणखी शंभर वर्षे भट्ट्यांत गेली असती तर काय झाले असते, हे खालच्या खोऱ्यातल्या माणसाला सांगायला नको. पण त्या वेळी नवे इंधन कोणी दिले नाही आणि जुने मात्र बंद केले. धंदा करणाऱ्यांचे काय झाले याची फारशी नोंदही कोणी ठेवली नाही.

दुसरी कथा अधिक परिचित आहे, पण तिची धातुशास्त्राची बाजू सहसा सांगितली जात नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. मुंबईला व्ही. जे. टी. आय. मध्ये त्यांनी शिकवण्याचे कामही केले होते. पुढे बेळगावातच कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर त्यांनी बनवला. बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या मुलखात जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात. पण १९४९ पर्यंत सांगली जिल्हा असा नव्हताच. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

या माळावर काय होते? खनिज नाही, कोळसा नाही, मोठी नदी हाताशी नाही. होते ते पुणे-मिरज मार्गावरचे आगगाडीचे स्थानक. जमशेदपूरला पोलादाची पहिली लाट १९१२ मध्ये ओतली गेली. म्हणजे किर्लोस्करवाडीची ओतशाळा त्याहून दोन वर्षांनी वडील. बिडाच्या कांड्या आणि कोक दोन्ही दूरवरून मालगाडीने यायचे. धावडांच्या वेळी खनिजाजवळ इंधन हवे होते. इथे खनिजाची आणि इंधनाची गाठ कुठेतरी लांब पडलेली होती आणि तयार बीड तेवढे आणून पुन्हा वितळवायचे होते. उद्योग वाहतुकीच्या टोकाला उभा राहू शकतो, हे या भागात त्यामुळे प्रथम दिसले.

आता नांगराकडे वळू. आमच्या घरामागे चिंचेखाली एक जुना लोखंडी फाळ पडलेला असे. बनवणाऱ्याची अक्षरे गंजाने खाल्ली होती. प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर एका सुट्टीनंतर मी तो बरोबर नेला, कापला, घासून चकचकीत केला आणि सौम्य आम्लाचा हात देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. वरच्या बाजूचे लोखंड करडे, त्यात ग्रॅफाइटच्या बारीक वळवळत्या रेषा. खालच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर पांढरा, चमकदार थर. त्यात ग्रॅफाइटचा मागमूस नाही. एकाच ओतणीतून आलेला एकच धातू, पण दोन बाजूंना दोन स्वभाव.

याचे कारण निवण्याच्या वेगात आहे. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात सावकाश निवले, की कार्बनला बाहेर पडून ग्रॅफाइट होण्यास वेळ मिळतो. ते करडे बीड; ते कापता येते, पण मऊ. साच्याचा एक भाग वाळूऐवजी लोखंडी ठोकळ्याचा केला, तर उष्णता झटकन ओढली जाते आणि कार्बन लोहाशी बांधलेलाच राहतो. ते पांढरे बीड. कानशीला दाद न देणारे कठीण. इंग्लंडमधील इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये याच युक्तीचे पेटंट घेतले होते. मातीशी घासताना वरची मऊ बाजू लवकर झिजते, खालची कठीण बाजू टिकते. त्यामुळे फाळाची धार आपोआप ताजी राहते. वापरताना झिजून बोथट होणारी अवजारे आपण नेहमी पाहतो. इथे झीजच धार लावते!

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ही गोष्ट महत्त्वाची होती. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात. त्या उपटण्यासाठी पूर्वी जड लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपत. लोखंडी नांगर कमी बैलांत मातीचा थर उलटा करून टाकत असे. तरीही सुरुवातीला तो खपला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे आणि ती सांगताना शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यात दुरुस्त करून देई. त्याचा घडीव लोखंडाचा फाळ लोहार तापवून, ठोकून पुन्हा धारदार करी. बिडाचा फाळ मात्र ठोकला की फुटतो. तो मोडला की नवा आणायचा, रोख पैसे मोजून, कारखान्यातून. शेतकरी ज्याला विष म्हणत होता त्यात या परावलंबनाचा वाटा किती असेल, याचा विचार इतिहास शिकवताना व्हायला हवा. अर्थात नांगर पुढे खपला आणि असा खपला, की या खोऱ्यातील गुऱ्हाळे, विहिरी, मळे यांचे सगळे गणित बदलले. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाणी उपसणारे पंप हे त्याच ओतशाळेतून निघाले. साताऱ्याजवळ सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखानाही नांगर आणि पुढे तेलावरची इंजिने बनवू लागला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. त्यांचा कारखाना नंतर वालचंद समूहाकडे गेला. कारखान्याची बातमी देण्यासाठी किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले, हे तर वाचकांना सांगायला नकोच.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) या दूरवरच्या धाग्याचा ताण कळला. परदेशातून येणारे बीड आणि इतर माल दुर्मिळ झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, अशी गोष्ट या भागात आजही सांगतात. तोफ ओतीव लोखंडाची असेल तर ती थेट भट्टीत जाऊ शकते. पंचधातूची असेल तर तिचा नांगराला उपयोग नाही. तेव्हा या गोष्टीतल्या तोफा बिडाच्याच असणार. ती ऐकताना माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. तोफेचे लोखंड दोन-तीनशे वर्षे उन्हापावसात पडून राहिले आणि तरीही ते नांगर होऊ शकते. लोखंडाचे ऑक्सिजनपासून एकदा विभाजन केले, की ते श्रम पुन्हा करावे लागत नाहीत, फक्त वितळवायचे. भंगार म्हणजे आधीच जाळलेला कोळसा.

आज या भागातल्या ओतशाळा बहुतांशी याच तत्त्वावर चालतात. कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्ट्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या प्रवर्तन भट्ट्या आल्या. मोटारींचे पत्रे कापताना पडणाऱ्या चिंध्या त्यात वितळवतात, हवा तेवढा कार्बन वरून मिसळतात आणि शेवटी थोडे मॅग्नेशियम घालतात. त्यामुळे ग्रॅफाइट रेषांच्या ऐवजी गोल गुठळ्यांच्या रूपात जमतो आणि बीड ठिसूळ न राहता पोलादासारखे चिवट होते. ही युक्ती १९४० च्या दशकातली. कुपवाडच्या त्या कारागिराचे 'तीन पूर्णांक सहा' हे या चिवट बिडाचे प्रमाण होते.

मग सगळे पोलाद भंगारापासूनच का करू नये? हिशेब करू. पोलाद इमारतीत, पुलात, यंत्रात कित्येक दशके राहते. तासगावच्या द्राक्षबागेतले मांडवाचे लोखंडी अँगल बाग मोडेपर्यंत हलत नाहीत. आज भंगारात येणारे पोलाद साधारण चाळीस वर्षांपूर्वीचे. १९८५ च्या सुमारास भारतात वर्षाला जेमतेम १.२ कोटी टन पोलाद होत असे. २०२४-२५ मध्ये ते १५ कोटी टनांच्या घरात गेले. चाळीस वर्षांपूर्वी जे केलेच नाही ते भंगारात कसे येणार? आपला दरडोई वापर वर्षाला सुमारे १०० किलो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक. ज्या गावाला अजून पूल हवा आहे त्याला दुसऱ्याच्या मोडलेल्या पुलाची वाट पाहायला सांगता येत नाही. शिवाय भंगारात मोटारींच्या वायरींचे तांबे मिसळते. लोखंडातून तांबे वेगळे काढणे फार कठीण, आणि त्याचे प्रमाण दोन-तीन दशांश टक्क्यांवर गेले, की पोलाद तापवून लाटताना भेगा पडू लागतात. तेव्हा खनिजापासून लोखंड करणे आणखी बरीच वर्षे सुटणार नाही.

इथे फळ्यावर करण्यासारखे एक उदाहरण आहे. अणुभार घ्या : लोह ५६, ऑक्सिजन १६, कार्बन १२, हायड्रोजन १. हेमॅटाइटच्या एका रेणूत लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू. म्हणजे १६० ग्रॅम हेमॅटाइटमध्ये ११२ ग्रॅम लोह. हे तीन ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडच्या तीन रेणूंनी नेले, की कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू होतात, त्यांचे वजन १३२ ग्रॅम. थोडक्यात, एका टन लोखंडामागे १.१८ टन कार्बन डायऑक्साइड निव्वळ रासायनिक हिशेबातच आला. भट्टीची उष्णता, कोक बनवणे, वीज हे सर्व धरून भारतात तो टनामागे सुमारे अडीच टन होतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात पोलादाचा वाटा सुमारे सात टक्के आहे. डिसेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने 'हरित पोलादा'ची जी व्याख्या केली तिची मर्यादा टनामागे २.२ टन ठेवली आहे. तेव्हा सुधारणा कुठून सुरू होते आहे याची कल्पना यावी.

कार्बनऐवजी हायड्रोजनने ऑक्सिजन ओढला तर? तीन ऑक्सिजन अणूंना हायड्रोजनचे तीन रेणू, म्हणजे ६ ग्रॅम. बाहेर पडते ते पाणी. हे तापमान लोखंडाच्या वितळण्याच्या खाली ठेवून करता येते. मिळतो तो सच्छिद्र गोळा, स्पंज आयर्न. धावडांचा गोळाच तो, फक्त वारा बदललेला! भारत आज जगातला स्पंज आयर्नचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. बहुतेक उत्पादन दगडी कोळशावर चालते. रायगड जिल्ह्यातील डोळवीसारख्या ठिकाणी ते नैसर्गिक वायूवर करण्यासाठी उभारले गेले. नैसर्गिक वायूपासून केलेल्या झोतात हायड्रोजनचा वाटा मोठा असतोच. निव्वळ हायड्रोजनवर हे करण्याची चाचणी-भट्टी स्वीडनमध्ये लुलेओ येथे २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथले पोलाद गिऱ्हाइकाच्या हाती पडले. रसायनशास्त्राचा प्रश्न सुटला आहे असे म्हणायला हरकत नाही.

विजेचा सुटलेला नाही. ११२ ग्रॅमला ६ ग्रॅम, म्हणजे टन लोखंडाला सुमारे ५४ किलो हायड्रोजन. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवण्यास ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. म्हणजे २,७०० युनिट. गोळा वितळवून पोलाद करण्यास आणखी सहाशे. एकूण ३,३०० युनिट. पाणी किती? सूत्राप्रमाणे टनाला पाचशे लिटरही नाही. दुष्काळी जतच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, पण इथे पाण्याची ददात नाही, विजेची आहे.

आपल्या भागातले मोठे वीजघर कोयनेचे. १९६२ पासून ते वीज देत आहे आणि त्याची क्षमता आज १,९६० मेगावॉट आहे. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिलेले पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. ते पोफळीला सुमारे ४७५ मीटर पडते, आणि कोळकेवाडीखाली आणखी शंभरेक मीटर. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची हे सूत्र नववीचे विद्यार्थी वापरतात. गणित केले की सुमारे ३०० कोटी युनिट येतात. यंत्रांतली घट वजा जाता २७० कोटी. दहा लाख टन पोलादाला हायड्रोजनच्या मार्गाने ३३० कोटी युनिट लागतील. कोयनेचे वर्षभराचे सगळे पाणी दहा लाख टनांना पुरत नाही, आणि देशाला हवे आहे पंधरा कोटी टन. त्याच धरणाचे पाणी पूर्वेला सोडा म्हणून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांवरचे शेतकरीही मागत असतात.

आता दुसरा हिशेब, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या सरासरी युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बरीच वीज अजून दगडी कोळशाची आहे. ३,३०० ला ०.७ ने गुणा. २.३ टन! कोळशाने थेट लोखंड करण्यात आणि कोळशाच्या विजेने हायड्रोजन करून लोखंड करण्यात फरक राहिला नाही. उलट पैसा मात्र अधिक. हरित पोलाद हे पोलादाच्या कारखान्यात तयार होत नाही, ते वीजघरात तयार होते. सातारच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवरच्या पवनचक्क्यांकडे म्हणून मी अलीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्यांचे मनोरे पोलादाचे. दोन मेगावॉटच्या चक्कीच्या मनोऱ्यालाच शंभर टनांहून अधिक पोलाद लागते. पोलादाशिवाय वारा पकडता येत नाही, आणि आता वाऱ्याशिवाय पोलाद करता येणार नाही. एक अडचण मात्र राहते : इथला वारा पावसाळ्याचे चार महिने जोमात असतो, आणि भट्टी बारमाही.

लहान ओतशाळांना हायड्रोजनशी कर्तव्य नाही, त्या भंगार वितळवतात. पण विजेचा हिशेब त्यांनाही चुकत नाही आणि तो मोठ्या कारखान्यांपेक्षा त्यांनाच जड जातो. कागदपत्रे, मोजमापे, तपासणी यांचा खर्च दहा लाख टन करणाऱ्याला आणि हजार टन करणाऱ्याला सारखाच पडतो. धावडांच्या वेळी जे झाले ते पुन्हा होऊ नये असे वाटत असेल, तर नवे इंधन आणि त्याचा हिशेब करण्याचे साधन दोन्ही लहान माणसाच्या हाती वेळेवर पोचायला हवीत. याबाबत मी फारसा निश्चिंत नाही.

शिक्षकांना वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. तांबड्या जांभ्याची किंवा गेरूची बारीक पूड घ्या आणि तिला लोहचुंबक लावून पाहा. ती जवळजवळ चिकटत नाही. तिच्यात तितकीच लाकडी कोळशाची पूड मिसळून लहान मातीच्या भांड्यात भरा, झाकण मातीने लिंपा, त्याला एक बारीक भोक ठेवा आणि गावच्या लोहाराच्या भात्यावर अर्धा-पाऊण तास लाल तापवा. हे उघड्यावर, मुलांना दूर उभे करून करावे. निघणारा वायू विषारी असतो. पूर्ण निवल्यावर पूड पुन्हा लोहचुंबकाजवळ न्या. आता बराच भाग चिकटेल. त्यात मुख्यतः चुंबकीय ऑक्साइड असेल, धातुरूप लोखंड थोडेच; तेवढे कळण्यासाठी किती कोळसा गेला, याचे वजन मात्र मुलांकडून करवून घ्यावे.

कुपवाडच्या ओतशाळेत आम्ही त्या दिवशी बसून हिशेब मांडला. महिन्याचे वीजबिल भागिले महिन्याचा माल, गुणिले ०.७. कारागीर बाजूला उभा राहून पाहत होता. आकडा निघाल्यावर त्याने विचारले, "सर, हे पॉइंट सात कुणी ठरवलं?" केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी तो आकडा प्रसिद्ध करते आणि तो हळूहळू कमी होत आहे, असे मी सांगितले. त्याने खडू घेतला आणि भट्टीजवळच्या फळ्यावर, जिथे दर खेपेचे कार्बन, सिलिकॉन, मॅग्नेशियम लिहिलेले असते, त्याखाली आणखी एक ओळ आखली.